मेमरीची दुसरी पट्टी

ऑस्टिनमधल्या बार्बेक्यूच्या दुकानात लॉरेलसमोर तिचा जुना गुरू एमेट बसला होता. तो आता प्रतिस्पर्धी कंपनीसाठी प्रोसेसर बनवायचा. दोघांचे प्रोसेसर एकाच किमतीचे, पण गेल्या महिन्यातल्या चाचणीत लॉरेलच्या कंपनीचा सरस ठरला. चाचणी तिनेच घेतली होती. एमेटच्या प्रोसेसरला पूर्ण वेगाने चालायला मेमरीच्या दोन पट्ट्या लागत. तिने एक गुपचूप काढली, तसा तो रखडला. ती पट्टी अजून जाकिटाच्या खिशात होती. “जिंकलीस हं, पोरी,” ब्रिस्केटचा, भाजलेल्या बीफचा, तुकडा तोडत एमेट म्हणाला. “माझी टीम म्हणत होती, पुन्हा तपासू. मी म्हटलं, तिला मोजायला मी शिकवलंय. तिच्या आकड्यावर शंका नको, चूक माझीच. सकाळीच राजीनामा दिला.” निघताना त्याने हात पुढे केला. तिचा उजवा हात खिशातल्या पट्टीवरून निघेना. तिने डावा दिला. “डावा?” तो हसला. “हे नव्हतं शिकवलं तुला.”