शुद्ध वाक्य

१९८८ साली माळवाडीच्या चौकात दिवंगत कादंबरीकार यमुनाबाई खरमाटे यांची स्मृतिशिला उभी राहिली. धरणात गाव बुडालेल्या माणसांनी ओसाड माळ फोडून हे नवं गाव कसं वसवलं, ते यमुनाबाईंनीच कादंबरीत लिहिलं होतं. शिलेवरचं वाक्य त्याच कादंबरीतलं, पण मूळचं गावातल्या सारजाबाईंच्या आईचं, म्हणून अनावरणाचा मान सारजाबाईंना.

पडदा सरला. आजीला वाचता येत नाही म्हणून नातीनं वाचलं, “आम्ही माळ फोडला नाही, माळाने आम्हाला फोडले.”

“आमची आय कवा ‘आम्ही’ म्हणाली?” सारजाबाई कडाडल्या. “‘आमी’ म्हणायची ती! यमुनाताईंनी छापणाऱ्याशी भांडून तसंच छापून घेतलं हुतं.”

“आजी, दगडावर अशुद्ध कसं कोरायचं?” शिलेचा मजकूर तपासणारे, गावच्या शाळेतले गुरव सर हसले.

“माळ फोडताना आयच्या हाताला फोड आलं, ते बी शुद्ध हुतं व्हय, मास्तर?” सारजाबाईंनी पडदा खसकन ओढून शिला झाकली.

पुढं गुरव सर मुख्याध्यापक झाले. सारजाबाई मरेपर्यंत त्या चौकातून गेल्या नाहीत. नात आता त्याच शाळेत मराठी शिकवते आणि मुलांच्या वहीतलं ‘आमी’ लाल शाईनं खोडते.