बिनगव्हाचा पिझ्झा

रसिकाने फडताळातून हिंगाची डबी काढली आणि दारात उभी असलेली जानकी तिच्या हातांकडे पाहू लागली.

ती डबी तिथे तिनेच ठेवली होती. दुकानातून मुद्दाम आणली होती. विकतच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे तिला अकरा वर्षांपासून ठाऊक होतं. रसिका सहा वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिच्या आतड्यांना गहू सोसत नाही. पोळी, पाव, बिस्कीट, सगळं जन्मभर बंद. तेव्हापासून त्या घरात गव्हाचा कण शिरला नव्हता. काल जानकीनेच तो आणला होता, स्वतःच्या मुलीला हरवण्यासाठी. रसिका हिंग टाकायला गेली असती तर जानकीने हात धरलाच असता. पण मग पैज तिथेच संपली असती.

पैज रसिकाच्या वडिलांची, काशीरामची होती. रसिकाला कोल्हापूरला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहात मुलींना स्वयंपाकासाठी वेगळी खोली होती, आणि डाळभात काय, रसिका डोळे मिटून करायची. काशीरामला त्याची चिंता नव्हती. दोन वर्षांपूर्वी मालवणात मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने पिझ्झ्याचा एकच तुकडा खाल्ला होता, सगळ्या खातात म्हणून. पुढचे पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळली होती.

"थंय सगळी पोरां पिझ्झा खातली आणि तू बघीत रवतलंस. एक दिवस खातलंस," तो म्हणाला होता. "तेच्यापेक्षा तुझो पिझ्झा तू हयंच करून दाखव. आयेन हात लावूचो नाय. जमलो तर कोल्हापूर. नाय तर मालवणाक कॉलेज आसाच."

जानकीला मालवणच हवं होतं.

रसिकाने डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली.

"आये, ह्यो हिंग खंयसून इलो? ह्येच्यात गव्हाचा पीठ आसा."

"चुकून इलो आसतलो," जानकी म्हणाली.

रसिकाने डबी कागदात गुंडाळून परसात नेऊन ठेवली. कोपरापर्यंत हात धुतले. ओटा एकदा ओल्या आणि एकदा कोरड्या फडक्याने पुसला. ती सगळी रीत जानकीचीच होती. तिला अभिमान वाटला, पण आपला डाव फसला हेही कळलं.

टोमॅटो आणि लसणीचा रस्सा छान दाट झाला. चीज किसून झालं. अडलं ते खालच्या पोळीवर. मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईने सांगितलेली कसलीशी पावडर मालवणातही मिळाली नव्हती. रसिकाने तांदळाच्या पिठात दही घालून गोळा मळला, लाटला, उचलला आणि तो मधोमध तुटला. दुसरा कडांनी फुटला. तिसरा कसाबसा तव्यापर्यंत पोचला, पण भाजल्यावर कौलासारखा कडक झाला.

रसिका जमिनीवर बसली. तिच्या नाकावरही पीठ लागलं होतं.

"माका जमणा नाय, आये. बाबांका सांग. मी जावचंय नाय खंय."

जानकीला हवं होतं ते मिळालं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं. रसिका सकाळच्या एसटीने मालवणला गेली असती, संध्याकाळी परत आली असती. पायरीवरूनच तिने भूक लागल्याची हाक मारली असती. अजून चार वर्षं तिच्या ताटात जानकीच्याच हातचं पडलं असतं.

मग तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. रसिका रडत नव्हती. सहा वर्षांची असताना, बिस्कीट खायचं नाही असं सांगितल्यावर, हातातलं बिस्कीट तिने असंच न रडता पुड्यात परत ठेवलं होतं.

जानकीने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"ऊठ," ती म्हणाली. "गव्हाक चिकटाय आसता, तांदळाक नसता. तांदूळ लाटूचो नाय, ओतूचो. थंय आंबोळेचा पीठ आसा, ता घे."

उद्याच्या न्याहारीसाठी तांदूळ आणि उडीद वाटून ठेवलेलं ते पीठ टोपात फुगून वर आलं होतं. रसिका टोपाकडे बघतच राहिली.

"पण बाबांनी सांगल्यानी..."

"मी हात खंय लावलंय?"

जानकी दारातून हलली नाही. तिथूनच सांगत राहिली. जाड ओत. पसरू नको, आपलं आपण पसरू दे. आता झाकण. आता उलट. आच कमी कर. बिडाच्या तव्यावर पोळी मऊ, जाळीदार फुगली. रसिकाने त्यावर रस्सा लावला, चीज भुरभुरलं आणि पुन्हा झाकण घातलं. थोड्या वेळाने झाकण उचललं तेव्हा चीज कडेपर्यंत वितळलं होतं.

काशीराम पडवीतून आत आला. त्याने उभ्याउभ्याच एक तुकडा खाल्ला. मग न विचारता दुसरा उचलला.

"ह्या तू एकट्यान केलंस?"

रसिकाने आईकडे पाहिलं. "केलंय मीच. पण पिठाची युक्ती आयेची."

काशीराम चावायचा थांबला. त्याने जानकीकडे वळून पाहिलं. "मगे पैज?"

"पैज रवांदे," जानकी म्हणाली. "माळ्यावरची मोठी बॅग काढा. कोल्हापूरची गाडी सकाळी सव्वासहाक आसा. काल हिंग आणूक गेलंय, तेव्हाच मी स्टँडार विचारून इलंय."