बदामाचा तुकडा

सुई आत गेली आणि अडली.

"आत काय आहे, मावशी?" शिपाईबाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण मागच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या. पाठीमागच्या बाईनं आपला बिस्किटांचा डबा पोटाशी घट्ट धरला.

तुरुंगाच्या फाटकाशी, तपासणीच्या टेबलावर, केक उघडा पडला होता. एरवी फिनेलचा वास येणाऱ्या त्या खोलीत आज संत्र्याच्या सालीचा वास सुटला होता. नाताळला घरचा एक पदार्थ आत पाठवता येतो. मात्र तो अख्खा आणायचा, शिपायांनी समोर सुई टोचून बघायचा, मग कापायचा आणि त्यातला एकच तुकडा आत जायचा. भिंतीवरच्या फळ्यावर तसं लिहिलंच होतं. ज्यानं हा नियम केला त्यानं जन्मात कधी केक केला नसणार.

"बदाम आहे," आई म्हणाली.

"अख्खा?"

"अख्खा."

तिच्यामागे उभा असलेला धाकटा मुलगा पुढे सरकला. चाळिशी उलटली होती, तरी आईच्या पिशव्या दोन्ही हातांत धरून शाळकरी पोरासारखा उभा होता. "बाई, आमच्या घरची जुनी पद्धत आहे ती. नाताळच्या केकमध्ये एक अख्खा बदाम घालायचा. ज्याच्या तुकड्यात निघेल त्यानं त्या दिवशी बाबांच्या खुर्चीत बसायचं, आणि भांड्यांना हात लावायचा नाही."

"मग कुणाला मिळायचा?"

"मलाच की. दरवर्षी." तो हसला. "घरात मला नशीबवान म्हणूनच हाक मारतात."

"आणि आत आहेत ते?"

"दादा? तो भांडी घासायचा."

"करंटा म्हणायचो आम्ही त्याला," आई म्हणाली. "चेष्टेनं."

चेष्टाच होती ती. थोरलासुद्धा हसायचा आणि बाह्या सरसावून मोरीकडे जायचा. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. त्याचा हा आतला पहिला नाताळ होता, अजून सहा जायचे होते.

शिपाईबाईंनी सुई फडक्याला पुसली. फाटकावर सोळा वर्षं काढलेल्या त्या. रडणाऱ्या आया त्यांना नव्या नव्हत्या, आणि ही तर रडतही नव्हती. तरी त्यांनाच गलबलून आलं. "बरं," त्या म्हणाल्या. "सुई इथं अडली ना, मग हाच तुकडा पाठवते. एकदा तरी मिळू दे त्यांना."

"कुठलाही पाठवा."

"कुठलाही कसा? बदाम इथं आहे."

"कुठलाही पाठवा, बाई."

शिपाईबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सुई दुसऱ्या बाजूला टोचली. अडली. त्याच्या शेजारी टोचली. अडली. केक फिरवून पुन्हा टोचली, तिथंही तेच.

"किती घातलेत?"

"दहा. दहा तुकडे होतात."

"आई, हे काय?" धाकटा म्हणाला. "एकच घालायचा असतो."

आईनं टेबलावरचा पत्र्याचा डबा जवळ ओढला. केक दरवर्षी याच गोल डब्यात भाजला जाई. त्याच्या कडेला एका जागी बोट बसेल एवढा पोचा होता.

"हा पोचा आहे ना, इथं घालायचे मी बदाम. आणि कापताना इथला तुकडा तुझ्या बशीत. तुला मिळाला नाही की तू रडून घर डोक्यावर घ्यायचास. तो कधी रडलाच नाही." तिनं पोच्यावरून अंगठा फिरवला. "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. ती आई मीच रे. आता कुठलाही तुकडा दिला तरी त्यात निघाला पाहिजे. माझ्या हातावरसुद्धा भरवसा ठेवायचा नाही मला."

धाकट्याचं इतक्या वर्षांचं नशीब आईच्या बोटांतून आलेलं निघालं. या वयात, भर रांगेत, त्याला लहानपणीच्या बदामांची लाज वाटली.

शिपाईबाईंनी एक तुकडा कापला, कागदात गुंडाळला आणि स्वतःच आत घेऊन गेल्या. एरवी हे काम त्या दुसऱ्या कुणाला तरी सांगत. आईनं उरलेला केक डब्यात भरला. तुकडा मिळाल्याचा सहीचा कागद आतून येईपर्यंत थांबावं लागे, म्हणून दोघं भिंतीकडच्या बाकावर बसली.

अर्ध्या तासानं शिपाईबाई परत आल्या. सहीचा कागद त्यांनी आईला दाखवला. मग रांगेकडे पाठ करून एक लहानशी पुडी बाकावर ठेवली.

"आतून बाहेर काही आणायची परवानगी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हा हे मी आणलेलं नाही."

आईनं पुडी उघडली. आत केकचे कण चिकटलेला बदाम होता.

"खाल्ला नाही त्यानं?"

"केक सगळा खाल्ला. माझ्यासमोर. बदाम मिळाला म्हणून आईला नक्की सांगा म्हणाले."

"मग हा?"

शिपाईबाईंनी धाकट्याकडे पाहिलं.

"हा यांना द्यायला सांगितलाय. मिळाला नाही तर रडतो म्हणाले."