मागची बाजू

रंगकाम ठेकेदारांच्या संघटनेचा फॉर्म माझ्या रंगाच्या डब्यावर पालथा पडला होता. मागची बाजू कोरी दिसली, म्हणून मी तिच्यावर पिस्ता शेड लावून बघितली.

आदल्या दिवशी संघटनेचे कारखानीस तो देऊन गेले होते. "सभासद व्हा. रंगवायला दोरीच्या झुल्यावर चढणाऱ्याला आम्ही सुरक्षेचा पट्टा देतो, बांधायचा कसा तेही शिकवतो."

"वीस वर्षं दोरीवर काढली, आता हे मला शिकवणार!" मी हसलो. माझा भागीदार तानबा फॉर्म वाचत राहिला.

सोमवारी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला तीच पिस्ता शेड देताना, चौथ्या मजल्याशी झुल्याची दोरी सुटली. तानबा जागीच गेला.

आज शेडचे कागद आवरताना तो फॉर्म पहिल्यांदाच उलटला. तानबाच्या गिचमिड अक्षरात आम्हा दोघांची नावं भरलेली होती. फक्त माझी सही राहिली होती.