आग्रहाची जिलेबी

मुलीच्या लग्नात भालचंद्र पाटणकरांनी सगळं काही कार्यालयावर सोपवलं होतं, एक जिलेबी तेवढी स्वतःकडे ठेवली होती. धाकटा भाऊ विश्राम जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरल्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या पंगतीला बसला होता. पाटणकरांच्यात भांडण माफी मागून मिटत नसे. थोरल्याने जिलेबी पुढे करायची, धाकट्याने नको नको म्हणायचं, आणि ती तोंडात कोंबली गेली की भांडण संपलं.

पण आता पंगतीत वाढपी नव्हते. मनगटावरचा पट्टा पोटाचा हिशेब ताटाला कळवायचा आणि ताटात हवं तेवढंच यायचं. नासाडी थांबली होती, अजीर्णही. तक्रारीला कुठे जागाच नव्हती.

भालचंद्र भावासमोर वाकले. "विशू, घे. माझ्यासाठी."

विश्रामने तोंड उघडलं. मग सवयीने त्याची नजर ताटाकडे गेली. कडेला लाल दिवा लागला होता.

"पुरे म्हणतंय, दादा."

"ते ताट म्हणतंय. तू काय म्हणतोस?"

विश्रामने खरोखरच विचार केला. कुणाला नको म्हणायची वेळ त्याच्यावर कित्येक वर्षांत आली नव्हती.

"मला कसं कळणार?" तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

भिंतीवरच्या पडद्यावर यजमानांचं अभिनंदन झळकलं: आजच्या पंगतीत काहीही उरलं नाही. भालचंद्रांच्या कोपरापर्यंत पाक ओघळला होता. निदान आपणच खावी म्हणून त्यांनी जिलेबी तोंडाशी नेली, आणि आधी मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं.