गार झालेली चकती

वीज सोडली की थरथरणारी, तळहाताएवढी सिरॅमिकची चकती. पण मेली थरथरण्यापेक्षा तापायचीच जास्त, आणि निम्मी वीज त्या तापण्यातच वाया जायची. ही गळती थांबवायला प्रयोगशाळेचे साहेब तीन वर्षं संशोधन करत होते. आज तपासणी समिती आली होती. कामाला मुदतवाढ द्यायची की टाळं ठोकायचं, हे आजच ठरणार होतं.

साहेबांनी बटण दाबलं. चकती थरथरली, पण तापमापकावरचा आकडा पंचविसाच्या पुढे सरकेना.

"बघा, गळती बंद!" साहेबांची छाती फुगली. समितीने टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढेच हात गरम झाले.

"फारच गारठा आहे हो इथे," अध्यक्ष कुडकुडत म्हणाले आणि किटली घेऊन दारात उभ्या असलेल्या मावशींकडे वळले. "मावशी, चहा जरा गरम करून देता का?"



"देते की! साहेबांनी पहाटेपासून लावलेले ते तीन एसी तेवढे बंद करा, म्हणजे रोजच्यासारखी किटली या चकतीवरच ठेवते."