हार्दोयोंना पाठवलेलं पुस्तक

"कुणाला पाठवलंत म्हणालात?" वुर्यानीने झारा कढईतच सोडला.

"हार्दोयोसाहेबांना," तिचा नवरा परजोनो म्हणाला. "एवढा मोठा माणूस! त्यांनी चार बरे शब्द काढले, तर सगळं जावा बेट तुझं पुस्तक वाचेल."

"तुम्ही तरी वाचलंय का?"

"मुखपृष्ठ वाचलंय. तुझं नाव काय झोकात छापलंय!" मग तो हळूच म्हणाला, "लिहिताना तू रडायचीस. पुढे वाचायचा धीर झाला नाही गं."

वुर्यानीने कढई खाली उतरवली. बासष्टाव्या वर्षी तिचं पहिलं पुस्तक आलं होतं. धरणाखाली गेलेल्या केदुंगसारीचं, तिच्या माहेरचं. त्या धरणाचा हुकूम मंत्री असताना हार्दोयोंनीच काढला होता. पुस्तकात एका पानावर तिची आई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्यांना नाव घेऊन शिव्याशाप देते. त्यातला एक शब्दही तिने सौम्य केला नव्हता.

तिने हे सांगितलं, तेव्हा परजोनोचं तोंड एवढंसं झालं.

महिन्याभराने एका सकाळी दाराशी गाडी थांबली. आपल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून एक म्हातारा उतरला. फोटोतल्यापेक्षा निम्मा झालेला. डोळे गेलेले. परजोनो धावत बायकोच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"पुस्तक मी पाठवलं, साहेब. जे बोलायचं ते मला बोला. हिला नको."

हार्दोयो चाचपडत वेताच्या खुर्चीत टेकले. मुलीने पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. त्याचे कोपरे मऊ पडले होते.

वुर्यानी नवऱ्याला बाजूला सारून पुढे आली. ती म्हणाली, "ते पान मी बदलणार नाही."

"बदलू नका, बाई," हार्दोयो म्हणाले. "ही मला तुमचं पुस्तक वाचून दाखवते. पुन्हा पुन्हा मागून ऐकतो मी. पण दर वेळी तुमच्या आई पाण्यात उतरतात आणि हिला ठसका लागतो. मग गोष्ट सुरू होते ती एकदम पुढच्या पानावरून, दुसऱ्या दिवसापासून."

मुलीने मान खाली घातली.

म्हाताऱ्याने पुस्तक अंदाजाने वुर्यानीच्या दिशेने धरलं.

"त्या मला काय म्हणाल्या, ते तुम्ही वाचा."